आईची कवळी

"या वेळी तरी वाच, ताई. एक संधी दे मला," धाकटा फोनवर म्हणाला.

ताईने हातातला प्लास्टरचा जबडा टेबलावर ठेवला. "पाठव," एवढंच म्हणाली.

धाकटा आता मोठा लेखक होता. सभागृहात शिरला की लोक उठून उभे राहत. ताई घराच्या पुढच्या खोलीत कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून मापं यायची. ती मेणात एकेक दात बसवायची, घासून गुळगुळीत करायची, परत पाठवायची. गावभर लोकांच्या तोंडात तिचं काम होतं आणि तोंडी मात्र तिचं नाव नव्हतं. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही.

वाईट वाटलं ते धाकट्याच्या पहिल्या गाजलेल्या कादंबरीचं. तिच्यात एक बहीण होती. बिनलग्नाची, कवळ्या बनवणारी, आजारी आईच्या उशाशी बसून करवादणारी, तिच्या दुधात पाणी घालणारी. लोक पोट धरून हसले. ज्यांच्याकडे ती वर्षानुवर्षं काम पोचवत होती ते दातांचे डॉक्टरसुद्धा सगळ्यांदेखत म्हणाले, "काय ताई, दुधात पाणी किती घालता हो?" ताईने भावाला तोंडावर सांगितलं, "मला नाही आवडलं तुझं पुस्तक." तो म्हणाला, "अगं, ती तू नाहीसच!" तेव्हापासून येणं-जाणं तुटलं. दातांचं काम करणारी बाई सख्ख्या भावावर दात धरून बसलीय, असं नातेवाईक म्हणत.

नवं पुस्तक आलं. दुपारी हातातलं काम बाजूला सारून ती खिडकीशी बसली. सुरुवातीला मनात अढी होतीच. पण पाच-सहा पानांतच ती पुस्तकातल्या आईच्या खोलीत जाऊन पोचली. तीच कॉट. औषधाचा तोच वास. कूस बदलताना आई धरायची ती पदराची गाठसुद्धा. आईचं शेवटचं दुखणं ताईने एकटीने काढलं होतं. धाकटा यायचा, पण आईचं बोळकं त्याला बघवायचं नाही. खिडकीबाहेर बघत बसायचा आणि चहा पिऊन निघून जायचा. तरी याच्या मनात सगळं राहिलं होतं म्हणायचं! उगाच इतकी वर्षं अबोला धरला आपण, असं तिला वाटलं.

मग तो प्रसंग आला. आईच्या हिरड्या झिजलेल्या, जुनी कवळी सैल झालेली, घास चाववेना की बोलता येईना. नवी कवळी बसली. आईने आरसा मागितला, स्वतःला बघितलं आणि कितीतरी महिन्यांनी हसली. हसून तिने विचारलं, "कोण रे ही? ओळखीची वाटते."

ताईचं बोट त्या ओळीवर थांबलं.

आई "कोण गं ही" म्हणाली होती. त्या वेळी खोलीत तिसरं कुणी नव्हतं. धाकट्याला ताईनेच फोनवर सांगितलं होतं, हसत, रडत.

तिने मागची पानं उलटली, मग पुढची. कवळी मुलाने बनवली होती. रात्रीची जागरणं मुलाने केली होती. आईची पाठ पुसणारे हात मुलाचे होते. आणि तो मुलगा एकुलता एक होता.

दुसऱ्या दिवशी ती काम द्यायला दवाखान्यात गेली. डॉक्टरांच्या टेबलावर तेच पुस्तक होतं. त्यांनी ते उचलून तिला दाखवलं.

"केवढं केलं हो तुमच्या भावाने आईचं! कवळी करायलासुद्धा शिकला म्हणे तिच्यासाठी." मग जरा चाचरत त्यांनी विचारलं, "तुम्ही... तेव्हा तुम्ही कुठे होता, ताई?"

ताईने डबा त्यांच्यापुढे ठेवला. "वरचे दात आहेत," म्हणाली. "खालचे परवा देते."

ती घरी आली तेव्हा फोन वाजत होता.

"वाचलंस?" धाकट्याने विचारलं. लोक उठून उभे राहतात तो हा माणूस परीक्षेचा निकाल विचारावा तसा विचारत होता.

"वाचलं. फार चांगलं लिहिलंयस," ताई म्हणाली. ते खरंच होतं, आणि तेच तिला जास्त लागत होतं. "मला एवढंच सांग, यात मी कुठे आहे रे?"

पलीकडे तो हसला. त्या हसण्यात लबाडी नव्हती. खरीखुरी माया होती.

"मागच्या वेळी तुला आवडलं नव्हतं ना, ताई? म्हणून या वेळी तुला काढूनच टाकलं."