वस्तीतली मुलगी

येरवड्याच्या वस्तीत वाढलेली दीपमाला कॉलेजजीवनावरच्या एका सिनेमाच्या ऑडिशनला नायिकेचे संवाद पाठ करून गेली. दिग्दर्शकाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मोलकरणीच्या मुलीचे संवाद वाचायला दिले. राग गिळून तिने ते वाचले.

"फार शुद्ध बोलतेस गं. वस्तीतल्या मुली हेल काढून, शिव्या देत बोलतात."

"सर, मी वस्तीतच राहते. अशीच बोलते."

"पण प्रेक्षकांना ते खरं वाटणार नाही."

चार दिवसांनी त्याचा फोन आला. ते काम कोथरूडच्या सुखवस्तू घरातल्या चैतालीला मिळालं होतं.

"तिच्यासाठी तुझे जुने ड्रेस देशील? अगदी खरे हवेत."

दीपमालाचं डोकं फिरलं.

"कपडे वस्तीतले खरे हवेत," ती म्हणाली, "आणि मुलगी तेवढी खोटी चालते तुम्हाला?"