चांदणीची गाडी

"नाकावर चांदणी हाय, ती," पोशा म्हणाला. "तीच पायजे."

धनेशनं कपाळाला हात लावला नाही, एवढंच. चौक गावी जुन्या मुंबई-पुणे हायवेवर त्याची शेड होती आणि शेडमध्ये लग्नाला भाड्यानं द्यायच्या तीन मोठ्या गाड्या. एक मर्सिडीज, एक बीएमडब्ल्यू, एक ऑडी. तिन्ही सेकंड हँड, पण पुसून पुसून अशा ठेवलेल्या की त्यात बघून भांग पाडावा. त्यातली चांदणीवाली मर्सिडीज नेमकी येत्या रविवारी कर्जतच्या एका बिल्डरच्या मुलाला दिलेली होती.

"बाबा, तुमच्या तारखेला ती बुक हाय. या दोन बघा की. काय कमी नायत."

पोशा सत्तरीला टेकलेला. लोधिवलीच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी त्याची आदिवासी वाडी. बायको कोंडी आणि विशीतली नात अक्षदा यांना घेऊन तो सकाळीच उतरला होता. वाडीपर्यंत यंदाच सिमेंटचा रस्ता झाला होता, म्हणून तर गाडीची गोष्ट निघाली.

बोलणाऱ्याची मातीही विकली जाते म्हणतात, आणि धनेशकडे तर गाड्या होत्या.

"हे बघा, मर्सिडीज म्हंजे जुनं घराणं. मागं टेकून बसायचं, ड्रायवरनं चालवायची. मान हाय, नाय कोण म्हनतं? पण म्हाताऱ्या माणसांची गाडी ती. बीएमडब्ल्यू कशी, तरणीताठी. जो पळवील त्याची. आन् ऑडी? दिवे लावले की अख्खी वाडी बघत राहील. आताच्या पोरी फोटो काढतात तो ऑडीपाशीच." शेवटचं वाक्य त्यानं अक्षदाकडे बघून टाकलं.

"दादा, मला विचाराल तर ऑडीच," अक्षदा म्हणाली. तिनं गाडीला टेकून दोन-चार फोटो काढले, कुणाला तरी पाठवले आणि मोबाइलकडे बघत स्वतःशीच हसली.

"झालं तर मग! ज्याची वरात, त्याची पसंती."

"तेच तर मी म्हनतोय," पोशा म्हणाला. "चांदणीचीच."

म्हातारा भलताच हट्टी होता. धनेशनं आपला मोर्चा कोंडीकडे वळवला. ती आल्यापासून एक अक्षर बोलली नव्हती. त्यानं बीएमडब्ल्यूचं मागचं दार उघडून धरलं.

"आजी, बसून तरी बघा. पाठराखीण तुमीच ना?"

कोंडीनं तोंडाला पदर लावला आणि अंग चोरून आत बसली. उतरताना तिनं गुडघा दाबला. पोशानं पुढं होऊन हात दिला.

"कशी हाय गं?"

"मऊ हाय," कोंडी म्हणाली आणि मर्सिडीजकडे बघत राहिली.

"पण चांदणीचंच काय एवढं, बाबा?" धनेशनं विचारलं.

पोशानं रस्त्याकडे हात केला. मग म्हणाला, "ह्याच हायवेला आमी करवंदं विकायला बसायचो. एकदा तसली गाडी थांबली. ही करवंदं द्यायचं सोडून चांदणीकडंच बघत बसली. गिऱ्हाईक निघून गेलं. मी म्हनलं, तुझ्या लग्नाला हीच आणीन. बोलून गेलो, शेट. मग कधी रस्ता नाय, कधी दुखणं. आमच्यात लगीन सवडीनं होतं, संसार त्याच्यासाठी थांबत नाय. पण हे लगीन लागल्याबिगर आता घरातलं पुढचं कायच हलंना. दुसरी गाडी नेली तरी ती काय बोलायची नाय. तेच वाईट."

धनेशनं अक्षदाकडे पाहिलं. वाड्यांवरच्या रीती त्याला ठाऊक होत्या. संसार आधी, मांडव मागाहून, त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. पण टोपली पुढ्यात घेऊन गाडीकडे बघत बसलेली एक चिमुरडी त्याच्या डोळ्यांपुढं आली आणि त्याला भरून आलं. त्यालाही एकच मुलगी होती. दिलेला शब्द पोरी विसरत नाहीत, हे त्याला चांगलं माहीत होतं.

त्यानं फोन काढला आणि कर्जतला लावला.

"साहेब, रविवारचं जरा बोलायचं होतं. अहो, आपल्या साईराजला मर्सिडीज कशाला? ती म्हाताऱ्या माणसांची गाडी. पोरगा तरणाबांड, त्याला बीएमडब्ल्यूच शोभते. मित्र काय म्हणतील? हो, हो, पांढरी. सजवून पाठवतो."

दोन मिनिटांत काम झालं. सकाळपासून घोटलेलं भाषण कुठंतरी कामाला आलं, याचा धनेशला आनंद झाला.

"घ्या बाबा. चांदणी तुमची. वाडीपर्यंत मी स्वतः चालवत आणतो."

पोशानं नुसते हात जोडले. कोंडी हळूहळू मर्सिडीजपाशी गेली आणि चांदणीवर धूळ नव्हती तरी तिनं ती पदरानं पुसली. तिचे डोळे भरले होते. आजीचा नातीवर केवढा जीव, असं धनेशच्या मनात आलं.

"आता मागच्या काचेवर लावायला नावं सांगा," त्यानं कागद काढला. "नवरीचं अक्षदा. नवरदेवाचं?"

अक्षदा हसता हसता खालीच बसली. पोशा उगाच हायवेकडे बघू लागला. शेवटी कोंडीच पुढं झाली.

"माझं कोंडी लिवा," ती म्हणाली. "आन् यांचं नाव मी लगीन लागल्यावर मांडवातच घेईन."