बारा व्होल्ट

दवाखान्याचा माणूस दुरुस्तीच्या दुकानाच्या दारातच उभा होता. तान्ह्या बाळांना ऊब देणाऱ्या पेटीचा बोर्ड त्याला आत्ताच्या आत्ता हवा होता, आणि इथे व्होल्टेज काही केल्या बारावर ठरेना. बाबांनी मीटरचे दोन्ही टोकदार प्रोब बोर्डावर टेकवलेले, लेक इवलासा स्क्रू केसभर फिरवतेय, आणि आकडा एकदा अकरा, एकदा सहा, लगेच नऊ.

"कपॅसिटर गेलाय," बाबा खेकसले. "व्होल्टेज स्थिर धरायचं काम त्याचं. बदल तो!"

तिने बदलला. तरी तेच. दुसऱ्यांदा बदलला. दारातला माणूस आता दर मिनिटाला घड्याळ बघत होता.

शेवटी तिने बाबांच्या हातातले प्रोब काढून घेतले, स्वतःच्या डाव्या हाताने बोर्डावर घट्ट टेकवले आणि उजव्या हाताने स्क्रू फिरवला. आकडा सरळ बारावर गेला आणि तिथेच ठाण मांडून बसला.

बाबांचे रिकामे हात मात्र अजून थरथरत होते.

"कपॅसिटरच होता, बाबा," ती घाईघाईने म्हणाली.



बाबांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. "हो गं. पण बोर्डावरचा नाही, माझा गेलाय."