फोनमधले भाऊजी

धाकट्या जावेनं ताळ सोडला होता. नवरा गेल्यावर बायका रडतात, अंथरूण धरतात, सासरच्यांना शिव्या घालतात. हिनं नवऱ्याला फोनमध्येच नेऊन बसवला. त्याचे जुने मेसेज, त्याचा आवाज, सगळं माणसासारखं बोलणाऱ्या एका ॲपच्या घशात ओतलं, आणि आता उजाडल्यापासून त्याच्याशी गुलुगुलू.

इकडे खाली घरच्या लाँड्रीत हॉस्पिटलच्या चादरींचा ढीग पडलेला. चादरीची घडी घालायला दोन बायका लागतात, समोरासमोर. थोरली एक टोक हनुवटीखाली दाबून एकटीच कुस्ती खेळत होती. धाकटीला हाक मारली की उत्तर ठरलेलं, “ह्यांच्याशी बोलतेय.” जेवायला बोलवलं तरी तेच. मेलेल्या माणसाची एवढी बडदास्त! जिवंत होते तेव्हा भाऊजी घोरतात म्हणून हीच बया उशी घेऊन थोरलीच्या खोलीत झोपायला यायची.

शेवटी थोरलीनं चादर भिरकावली आणि भांडणाची पुरती तयारी करून वर गेली.

धाकटी ठेवणीतले कपडे घालून पलंगावर बसली होती. गालफडं बसलेली, डोळे मात्र लखलखीत. तिनं कानातलं सोनं काढलं आणि थोरलीच्या तळहातावर ठेवलं.

“तुमच्या होणाऱ्या सुनेला द्या, जाऊबाई. मला आता नको.”

थोरलीच्या ओठावरची शिवी तिथंच वाळली.

“कुठं निघालीस?”

धाकटीनं हसून फोन पुढे धरला. भाऊजींचाच आवाज. तोच घोगरा, तोच खाकरणारा. “ये गं राणी. कधीची वाट बघतोय तुझी.”

थोरलीनं धाकटीचं मनगट घट्ट पकडलं आणि जिन्याकडे तोंड करून आपल्या मुलाला ओरडून सांगितलं, “डॉक्टरांना घेऊन ये, पळ!” फोन आपला चालूच होता. “वाट बघतोय गं, राणी.” थोरलीनं कान दिला. मग तिच्या कपाळाची शीरच तडकली.

“वाट बघतोय? तुझा नवरा? अगं, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तुला स्टँडवर विसरून एकटा बसमध्ये चढला होता तो! जन्मभर दहा पावलं पुढे चालला, एकदा मान वळवली नाही. राणी म्हणे! हा आपला नव्हेच. परक्या पुरुषाबरोबर पळून चाललीस होय गं, भवाने?”