उजवीकडची पेडलं

जुनं दोन आसनी विमान विकत घेण्याआधी गिऱ्हाइकाने मेकॅनिकबाईंना ते आणि त्याचे कागद तपासायला पाठवलं होतं. नवं इंजिन, नवा रेडिओ, एकूणएक बदलाची नोंद चोख होती. फक्त उजवीकडच्या पेडलांवर बसवलेल्या लाकडी ठोकळ्यांचा विमानाच्या नोंदवहीत कुठेच पत्ता नव्हता.

"हे काय, काका?"

"बायकोचे पाय पुरायचे नाहीत," विमान विकणारा म्हातारा वैमानिक म्हणाला. "होती तोवर शेजारी बसून माझ्या चुका काढायची."

"मग नोंद का नाही केलीत?"

"हा काही बदल आहे असं कधी वाटलंच नाही."

नियमाप्रमाणे ठोकळे काढावेच लागले. बाईंनी वहीत लिहिलं, 'उजवीकडचे ठोकळे काढले.' म्हाताऱ्याने ते वाचलं, पेन मागून घेतलं आणि 'ठोकळे'च्या आधी बारीक अक्षरात एक शब्द घातला, 'हिचे'.