गिरणीमागचे गाळे

कारकून शेखर मासळीच्या रांगेशी आला, तेव्हा गुणाबाई आणि सकुबाईचं भांडण ऐन रंगात होतं.

"पाटी माग घे गो. माज्या अंगावर बसतेस काय?" गुणाबाई करवादली.

सकुबाईने पाटी तसूभरही हलवली नाही. शहापूरच्या भातगिरण्यांमागे अठरा वर्षं दोघी शेजारी बसून सुकट-बोंबील विकत होत्या आणि अठरा वर्षं वीतभर जागेवरून तंडत होत्या.

सत्त्याण्णव साली आता ती जागाच जायची होती. गिरण्या, गोदामं, मासळीची रांग, सगळं पाडून तिथे दुमजली मंडई उठणार होती. आज यादीत नाव लागलं तर गाळा, नाहीतर घरी बसायचं. एका घराला एकच गाळा, हे शेखरने आल्याआल्या बजावलं. खोटं सांगणारीचं नाव कापणार आणि तिच्यासाठी खोटी साक्ष देणारीचंही.

अर्जात नवऱ्याचं नाव लागत होतं आणि गाडं तिथेच अडलं. कोणी बाई ते तोंडाने घेईना. शेवटी शेजारणीने सांगायचं ठरलं. गुणाबाईची पाळी आली तशी तिने पदर डोक्यावर ओढला आणि मान खाली घातली. पलीकडची मालू म्हणाली, "नवसू." एवढी फटकळ बाई लाजते कशी, याचं शेखरला हसू आलं.

मग मात्र गुणाबाईने ते कामच हाती घेतलं. चंद्राबाईचा देवराम, मालूचा बारकू, कडेच्या म्हातारीचा पांडू. ती धडाधड सांगत गेली आणि शेखर लिहीत गेला.

सकुबाईला शेवटी ठेवलं होतं, कारण तिच्याकडे रेशनकार्ड नव्हतं. घरी राहिलं, म्हणाली. या पाटीवर तिच्या दोन मुली शाळेत जात होत्या. गाळा हुकला तर त्यांची शाळा सुटणार, हे ती सकाळपासून ज्याला त्याला सांगत होती.

"मालकांचं नाव?"

"मालूला येऊ द्या. ती सांगल."

मालू गिरणीच्या नळावर पाण्याला गेली होती. तिथे मोठी रांग होती. सकुबाई सारखी तिकडे बघत होती.

शेखरने घड्याळ पाहिलं. "मालू कशाला? ह्या आहेत की." तो गुणाबाईकडे वळला.

सकुबाईचा चेहरा पडला. जिच्याशी सकाळपासून भांडत होती, तिच्याच शब्दावर आता तिचा गाळा होता. चंद्राबाई उगाच तराजू पुसू लागली.

"बोला मावशी. इतक्या जणींची सांगितलीत. ह्यांच्या मालकांचं नाव काय?"

गुणाबाईने एकदा नळाकडे पाहिलं, एकदा सकुबाईकडे. मग स्वतःच्या पाळीला केलं होतं तसंच, तिने पदर डोक्यावर ओढला आणि मान खाली घातली.