शिंपल्याची पानं

इन्स्पेक्टरसाहेबांनी घडीचा चाकू टेबलावर ठेवला आणि कारागिराने तो बघताक्षणी ओळखला. मुठीवरची ती शिंपल्याची पानं कोरून बसवायला त्याला दोन महिने लागले होते. पलीकडे त्याचा धाकटा भाऊ मान खाली घालून डाव्या हाताने पितळ घासत होता.

“खून झाला तिथे सापडलाय. तुमचंच काम ना?”

“छे हो, साहेब. पहिल्यांदाच बघतोय.”

साहेब उजव्या अंगठ्याने पातं उघडू लागले. काही केल्या उघडेना, तेव्हा त्यांनी जोर लावायला पानाच्या कडेत नख रुतवलं. कारागीर पुढे झेपावला.

 

“अहो, जपून, पान उखडेल. डाव्या अंगठ्याने उघडा ना, तसाच बनवलाय मी तो.”